रेवदंड्याच्या दरवाज्यात रिव्हर्स

मुलांनो, गेल्या महिन्यात मी गाडी विकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मला पटलं. तेव्हा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तू गाडी शिकलीस तरी कधी?" उत्तर अर्ध्यावर राहिलं. अर्धवट ठेवलेलं मला आवडत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही बदलापूरला शिरगावात राहायचो. तुमचे आजोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. त्यांना न्यायला कारखान्याची बस यायची आणि आमची फिएट दारात उभी राहायची. म्हणून मी लायसन्स काढलं. पुढे जायला मला छान जमे, रिव्हर्स मात्र जमत नसे. फाटकाबाहेर गाडी आजोबाच काढून देत.

शिवणाच्या क्लासात मला दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या. एक हेंद्रेपाड्याची, शेतकऱ्याच्या घरातली. दुसरी उल्हासनगरची सिंधी, तिचं कापडाचं दुकान होतं. ती मला 'अदी' म्हणायची, म्हणजे मोठी बहीण. रेवदंड्याचा समुद्राकाठचा पडका किल्ला बघायला जायचं तिघींनी ठरवलं.

"ड्रायव्हर घेऊन जा," आजोबा म्हणाले.

"अहो, मी चालवणार आहे."

"बरं. पण वाटेत एकदा जरी स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात दिलंस, तर सोमवारपासून ड्रायव्हर ठेवायचा."

"कबूल."

पनवेल, पेण, अलिबाग, सगळं सुरळीत गेलं. चहाला थांबलो तेव्हाही मी गाडी अशी लावली की मागे घ्यायला लागू नये. पण रेवदंड्याला रस्ता किल्ल्याच्या दरवाज्यातूनच जातो. अरुंद दगडी वाट, त्यात वळण. आम्ही ऐन वळणावर आणि समोर लाल बस. बसच्या मागे टेम्पो, त्याच्यामागे बैलगाडी. मागे जायचं तर आम्हालाच.

"ओ बाई, साहेब कुठायत? त्यांना बोलवा!" बसच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं.

"साहेब घरी चहा करतायत," हेंद्रेपाड्याची म्हणाली. "तुला पायजे का?"

बस हसली. एक गृहस्थ खाली उतरून माझ्या खिडकीशी आले. "द्या ताई, मी काढून देतो."

'घ्या' म्हटलं असतं तर सगळे सुटले असते, मीसुद्धा.

"नको," मी म्हटलं.

"अदी, दे ना उसको. घर पे कौन बोलेगा?" सिंधी मैत्रीण कुजबुजली.

"मी बोलेन."

हेंद्रेपाड्याची उतरून मागे उभी राहिली. "ये, ये, ये... अगो बाय, थांब!" तोवर मडगार्ड दगडाला घासलं आणि गाडी बंद पडली. मागून ती डावीकडे म्हणत होती, आतून दुसरी उजवीकडे.

"दोघी गप्प बसा," मी म्हटलं. गाडी सुरू केली, आरसा सोडून मान पूर्ण मागे वळवली आणि काचेतून फक्त दरवाज्याबाहेरच्या उजेडाकडे बघत राहिले. गाडी इंचाइंचाने सरकत बाहेर आली. बस गेली. जाताना ड्रायव्हरने हॉर्न दिला, तो चेष्टेचा नव्हता.

मग आम्ही किल्ला पाहिला. माडांमधून वर गेलेला उंच बुरूज, वाळूत उतरलेली तटबंदी, तिच्या भेगांतून वाढलेली झाडं. तटावर बसून थालीपीठं खाल्ली. भूक चांगली लागली होती.

घरी आजोबांनी मडगार्डवरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"किल्ल्याला लागली."

"कोण चालवत होतं?"

"मीच. मागे घेताना."

सोमवारी ड्रायव्हर आला नाही. फाटकातून गाडी मी काढली.

ती फिएट केव्हाच भंगारात गेली. आजोबा नाहीत, हेंद्रेपाड्याची मैत्रीणही नाही. उल्हासनगरची मला अजून अदी म्हणते. रेवदंड्याचा दरवाजा उभा आहे, आणि रस्ता अजून त्यातूनच जातो.