पेन्सिलीतले अर्थ

जर्मनीत र्युसेल्सहाइमला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जर्मन आजी माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबायच्या. मला कळलंय असं दिसलं, की "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर!', म्हणून पुढे जायच्या. वाचायच्या एकाच तऱ्हेच्या कादंबऱ्या: जुन्या अमेरिकेतली वसाहत, बायबल वाचणारी विधवा, शेजारचा अबोल सुतार. शेवटी चर्चमध्ये लग्न होतंय ना, हे आधी शेवटचं पान उघडून बघायच्या आणि मगच वाचायला घ्यायच्या.

माझं जर्मन सुधारावं म्हणून त्यांनी मला तसलीच एक दिली. मी ती न उघडताच चौकातल्या फुकट पुस्तकांच्या कपाटात ठेवून आले आणि त्यांना सांगितलं, "वाचली. सुतार फार आवडला." सुतार असणारच!

शनिवारी आजी त्या कपाटाशेजारच्या बाकावर दिसल्या. मांडीवर तेच पुस्तक, हातात खोडरबर. अवघड शब्दांच्या डोक्यावर त्यांनी माझ्यासाठी पेन्सिलीने इंग्रजी अर्थ लिहिले होते, अगदी पानोपानी. ते त्या एकेक करून खोडत होत्या.

"आता ज्याला मिळेल, त्याला जर्मन येत असेल," त्या म्हणाल्या आणि सवयीने थांबल्या.

मला कळलं होतं. "गेनाऊ" मात्र त्या म्हणाल्या नाहीत.