दहाव्या रचनेला मत

आवडतं एक आणि मत दुसऱ्यालाच, याला तुम्ही अप्रामाणिकपणा म्हणाल का?

तिरोड्याचे आमचे हार्मोनियम दुरुस्तीवाले काका भाता हलवताना स्वतःचा श्वास रोखून धरतात. रेडिओने दहा नव्या शास्त्रीय रचनांतली सर्वांत आवडती कोणती, यावर श्रोत्यांची मतं मागवली. काका आठवडाभर तिसरीच गुणगुणत होते. दहावी ऐकून त्यांनी नुसता कान खाजवला होता. मत मात्र दहावीलाच दिलं.

"काऊन, काका? आवडली तं तिसरी ना?" मी विचारलं.

"तिसरीले सारेच देऊन राहिले, बाबू. दहावीले कोनीच नाही देल्लं, तं रेडिओवाले तिले पुन्हा वाजवतीन काय?"

'जी आवडली तिलाच मत द्या' अशी पत्रकं मीच गावात वाटत होतो; उरलेली मी पिशवीत परत ठेवली. चूक त्यांची की माझी, अजून ठरत नाही. तुम्ही मत देण्याआधी दहावी एकदा शेवटपर्यंत ऐका.