मांडवात शिरलेली बोट

सन दोन हजार तेवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर जेवढी माणसं बघितली त्यांत आमच्या साडूइतका वाया गेलेला शहाणा मी दुसरा बघितला नाही. इथून पुढं बघायला मिळेल असंही वाटत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पण गुरं आणि माणसं ओळखायला मला कुणाची गरज लागली नाही. हा गडी म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माधवनगरचा. तरुणपणी मागावरचं काम सुटलं तसा मुंबईला गेला आणि हौशी लोकांना समुद्रात हिंडवून आणणाऱ्या एका मोठ्या बोटीवर ताटं घासायला लागला. ताटं घासता घासता वाढपी झाला, वाढता वाढता वाढप्यांचा मुकादम झाला, आणि मिशा पांढऱ्या झाल्यावर घरी आला. तो आला, पण बोट काही त्याच्या डोक्यातनं उतरली नाही. दुनिया फिरलेला माणूस म्हणून लोक त्याच्याकडं जायचे. कुणी विचारावं, तिकडं शेती कशी, राजे कसे, रस्ते कसे. तर हा सांगणार, कोण न्याहारीला काय खातो. सगळ्या पृथ्वीला वेढा घालून माणसानं काय आणलं, तर दुसऱ्याच्या ताटातलं ज्ञान.

"आण्णा," तो मला म्हणायचा, "बोटीत पॅसेंजर चढला की नाव मागनं इचारायचं. आदी देश बघायचा. देश कळला की पोट कळतं, आन् पोट कळलं की माणूस कळला." जर्मन असेल तर सकाळी थंडगार मांसाचे काप आणि काळा पाव. इंग्रज असेल तर दुपारचा चहा, आणि चहाबरोबर पावात घातलेली काकडी. जपानी माणसाला सकाळीच भाताची पेज. चिनी माणसाला गार पाणी दिलं की संपलं, त्याच्या खोलीत पाणी तापवायची किटली ठेवायचीच. इटलीवाल्याला दिवस मावळल्या मावळल्या जेवायला बोलावलं तर तो भांडायला उठतो. अमेरिकेच्या माणसाला कशातही बर्फ. आणि आपल्याकडचे गुजराती शेठ चढले की कांदालसणाविना वेगळी चूल, आणि जेवण झालं की गरबा. करमणुकीचंही तसंच. एकाला जादूगार, एकाला जुगाराचं टेबल, एकाला नुसती खुर्ची आणि समुद्र. "जर्मन माणूस पहाटं उठून खुर्चीवर टॉवेल टाकून येतो, जागा धरायला," हे तो असं सांगायचा, जसं काही शास्त्रच सांगतोय. मी म्हणालो, "आमच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतनं टोप्या टाकत्यात, ती काय जर्मन हायत व्हय?" यावर कुणीही गप्प बसलं असतं. हा विचारात पडला. "आसतील बी," म्हणाला, "सभाव तर तसलाच की." आता अशा माणसाशी काय बोलायचं?

त्याच्या घरी चहाला जाणं म्हणजे पोलीस चौकीत जाणं. दारातच विचारणार, कुठनं आलात. साताऱ्याकडचा असेल तर चहा कडक आणि मोठ्या पेल्यात, कारण म्हणे त्या बाजूला घरटी एक मिलिटरीत, लंगरच्या चहाची सवय. वाळव्याचा असेल तर साखर दुप्पट, कारखान्याच्या अंगाचा म्हणून. आणि जतच्या खालचा असेल तर कॉफी, तिकडं कानडी बोलतात म्हणून. एकदा जतकडचा एक भांडीवाला दारात आला, उन्हानं कावलेला, आणि बिचारा चहा मागत होता. हा त्याला कॉफीच पाजत होता. तो म्हणाला, "मालक, मला च्या लागतोय." "तसं तुमाला वाटतंय," हा म्हणाला, "पन तुमी कॉफीचंच माणूस." म्हणजे त्याच्या जिभेला काय लागतं ते त्याला कळत नाही, माधवनगरात बसून ह्याला कळतं!

मी एकदा मुक्कामाला होतो. सकाळी आंघोळ करून ओल्या अंगानं खोलीत आलो, तर खाटेवर माझा पंचा नाही. पंच्याच्या जागी एक हत्ती बसलाय. सोंड वर केलेली, सुपासारखे दोन कान, आणि डोळ्यांच्या जागी दोन लवंगा. बोटीवर रोज पॅसेंजरच्या बिछान्यावर टॉवेलाचं एक जनावर करून ठेवायची रीत आहे म्हणे. मी कुडकुडत ओरडलो, "पावणं, पंचा अंग पुसायला आसतो!" तो दारातनं म्हणाला, "आण्णा, आदी हसायचं आसतंय, मग पुसायचं." मी हसलो नाही. सोंडेला धरून हत्ती ओढला, झटकला आणि अंग पुसलं. लवंगा कुठंतरी उडाल्या. त्याचं तोंड एवढंसं झालं. होऊ दे.

पाचगणीची सहल तर विचारू नका. सगळ्या पावण्यांना जीपगाडीत घालून नेलं आणि वर पोचल्यावर करमणुकी वाटल्या. माझा मेव्हणा पलटणीतनं हवालदार होऊन आलेला, म्हणून त्याला पठारावर कवायत. बायकांना फुगडी. आणि मला एक खुर्ची, तोंड दरीकडं. "म्हातारा पॅसेंजर हलत न्हाई, त्याला वारा द्यायचा," असं माझ्यादेखत म्हणाला. मी खुर्ची उचलली आणि पठार संपेपर्यंत चालत गेलो. परत बोलवायला त्यालाच यावं लागलं, धापा टाकत.

तर अशा माणसाच्या हातात मी माझ्या नातीच्या लग्नातली चूल दिली. मी दिली नाही. आमच्या मंडळींनी दिली. "माझ्या भणीचा नवरा एवढा साता देशांचा आचारी, आन् तुमी भाड्याची माणसं आणताय?" म्हणून चार दिवस माझ्याशी बोलली नाही. आचारी कसला, वाढपीच की. पण घरात शांतता पाहिजे होती.

आता हे लग्न साधं नव्हतं. आमचं गाव कृष्णेकाठचं, चहूकडं ऊस. नवरा मुलगा शिरवळला कारखान्यात चांगल्या कामावर, पण घर माणमधलं, दहिवडीच्या पुढं, जिथं पाऊस वाट चुकला तरच येतो. पोरगा गुणी, नातीच्या मनात भरलेला. पण त्याच्या आजाला आमची सोयरीक पटली नव्हती. बैठकीतच तो पटका सावरत म्हणाला होता, "काठावरच्या लोकास्नी पाण्याची मस्ती आसती. आमची माणसं त्यांच्या डोळ्यात भरत न्हाईत." मी म्हणालो होतो, एकदा दारात येऊन तर बघा. तेव्हा मांडवात मानाला जरा जरी धक्का लागला असता, तर तो म्हातारा ते घरी घेऊन गेला असता, आणि माझ्या नातीला रोज चुलीपुढं ऐकवलं असतं. ती त्या घरात हसत राहणार की खाली मान घालून, एवढाच प्रश्न होता. मी साडूला हे दहा वेळा सांगितलं. तो प्रत्येक वेळी म्हणाला, "आण्णा, फिकीर न्हाई. हे तर माझं रोजचं काम."

लग्नादिवशी त्यानं स्वयंपाकाच्या मांडवाला कनाती लावून घेतल्या. मला आत सोडेना. "मेनू आदी सांगत नसत्यात." डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी, बोटीवरनं आणलेली. गावातली म्हातारी माणसं त्याला भटजी समजून पाया पडायला लागली. आमच्या बाजूला त्यानं बँजो लावला होता आणि पावण्यांच्या बाजूला ढोल आणि कैताळाची झांज, त्यांच्याकडची करमणूक म्हणून. पावण्यांची तरणी पोरं थोडा वेळ तिथं उभी राहिली आणि हळूहळू सगळी बँजोकडं येऊन नाचायला लागली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

अक्षता पडल्या, पहिल्या दोन पंगती एकदम बसल्या. आमची इकडं, त्यांची तिकडं, मधी कापडी पडदा. आमच्या पंगतीला जिलेबी, मसालेभात, पुरी, वांग्याची भाजी, मठ्ठा. जिलेबीचा वास साऱ्या मांडवात. आणि पडद्यापलीकडं, वऱ्हाडाच्या पंगतीला, आमच्या ह्या दर्यावर्दी माणसानं वाढलं काय? बाजरीची भाकरी, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, ठेचा आणि फोडलेला कांदा. आणि स्वतः टोपी सावरत, एक हात छातीवर ठेवून, वाकून उभा राहिला, आता टाळ्या पडणार म्हणून.

टाळ्या नाही, पत्रावळी सरकल्याचा आवाज आला. नवऱ्याचा आजा ताठ उभा राहिला होता. "उठा रं समदी!" तो ओरडला. "आमची लायकी दावलीय ह्यांनी. तुमाला जिलबी, आन् आमाला हुलगं? हुलगं तर आमी घरला बी खातुय. हितं ते खायाला येवढं वराड घिऊन आलो व्हय?" वरमाय डोळ्याला पदर लावून उभी. पलीकडं बोहल्याशी माझी नात, हळदीच्या अंगानं, माझ्याकडं बघत होती. नुसती बघत होती.

साडूची टोपी एका बाजूला कलली होती. "पन त्यांच्या घरचंच तर दिलंय..." असं काहीतरी पुटपुटत होता. त्याला तिथंच कृष्णेत बुडवावा असं मला वाटलं. पण मी हात जोडणारा माणूस नाही, आजवर कुणापुढं जोडले नाहीत, आणि त्या म्हाताऱ्यापुढं तर नाहीच. मी पडदा बाजूला केला, त्याच्याच उठलेल्या जागेवर, त्याच्याच पत्रावळीपुढं मांडी घातली आणि साडूला म्हणालो, "वाढ मला."

म्हातारा म्हणाला, "ह्ये काय नाटक, पावणं?"

"नाटक न्हाई. मानाचं जेवान हाय, मी यजमान हाय, तुमी जेवत नसला तर मी जेवतो."

"बाजरी? मानाची?"

"उसाच्या रानात बाजरी पिकती व्हय कुठं? तुमच्यासाठी लांबनं आणलीय. जिलबी काय, ती आमच्या गावकऱ्यास्नी. ती रोजचीच हाय."

हे धादांत खोटं होतं. आणि हुलगा मला जन्मात आवडला नाही. पण मी माडग्यात भाकरी कुस्करली आणि मिशीला लागेस्तोवर ओरपलं. आणखी मागितलं. पुन्हा ओरपलं. सगळं वऱ्हाड उभं राहून माझ्याकडं बघतंय. शेवटी म्हाताऱ्याच्या शेजारची एक दात पडलेली म्हातारी म्हणाली, "आवं, ह्यो बाबा समदं संपवतोय बगा आपलं!" आणि खाली बसली. तिच्यामागं दोघी बसल्या. म्हाताऱ्यानं पटका सावरला. मग माझ्या शेजारी मांडी घालत म्हणाला, "मानाचं आसंल तर बसतो. पन जिलबी बी पायजे आमाला."

"पडदा काढा रं तो!" मी ओरडलो. पडदा निघाला, जिलेबी तिकडं गेली, भाकरी इकडं आली, आणि आमचे गावकरी ठेच्यावर असे तुटून पडले की आचाऱ्यांना पुन्हा तवा ठेवावा लागला. बोहल्याशी नात हसत होती. म्हाताऱ्यानं जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. जड हात होता.

पावणे गेल्यावर, दिवस कलायला, मी साडूला गाठला. रिकाम्या मांडवात उलट्या काहिलीवर बसला होता, टोपी मांडीवर. माझ्या मनात साठलेलं सगळं मी त्याला ऐकवलं. "आरं, तुझी जर्मन माणसं घरापासनं समुद्रापार असत्यात. ही माणसं सकाळी घरात भाकरी खाऊनच गाडीत बसली! दुपारपत्तुर घराची आठवण येती व्हय कुणाला? तू जग बघितलंस का नुसती ताटं बघितलीस?"

त्यानं टोपीच्या घड्या सरळ केल्या. मग म्हणाला, "आण्णा, बोटीत वर धा देशांची ताटं आसायची. खाली आमच्या कामगारांचं एकच. भात, आन् वर पातळ रस्सा. मी रोज धा देशांच्या माणसाला इचारायचो, तुमी कुठलं, काय घेणार. खाली मला कवा कुणी इचारलं न्हाई. एकदा एका म्हाताऱ्या पॅसेंजरला त्याच्या गावाकडचं सूप दिलं. त्यो रडला, आण्णा. ताटावर रडला. तवापासनं मला वाटायचं, लय मोठा मान करायचा म्हणजे माणसाला त्याच्या घरचं वाढायचं. मला वाटलं, पावणं बी..."

"रडतील?"

"व्हय."

"मी बसलो नसतो तर रडली असती माझी नात," मी म्हणालो, आणि निघून आलो. त्याच्याशी आणखी बोलायचं माझ्यात राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून ओल्या अंगानं घरात आलो. खाटेवर पंचा नव्हता. हत्ती होता. ह्या खेपेला सोंड जरा वाकडी झाली होती, एक कान लहान. लवंगांच्या जागी त्यानं लग्नातल्या अक्षतांचे दोन दाणे लावले होते. खिडकीतनं तो अंगणात दिसत होता, जायच्या तयारीत, पाठमोरा, पिशवीचा बंद बांधत आणि सोडत. त्या एका बंदाला किती वेळ लागावा? मी सोंडेला हात घातला, आणि हात मागं घेतला.

तसाच निथळत स्वयंपाकघरात गेलो. मंडळी कडाडली, "आवं, पुसा की अंग! जमीन समदी भिजवली!"

"तुझं एखादं जुनं लुगडं दे पुसायला," मी म्हणालो. "आन् पावण्याला भाकरी टाक एक. गरम. मी नेऊन देतो."

तिनं डोळे मोठे केले. कालच्या उरलेल्या बाजरीच्या पिठाचा डबा पुढं ओढला. मी तो हातानं मागं सारला आणि ज्वारीचा पुढं केला.

"बाजरी नको," मी म्हणालो. "माणूस माधवनगरचा हाय. शाळूची टाक."