वाळत घातलेली छत्री

लंडनजवळ वॉटफर्डला आमच्या शेजारी एकटे राहणारे म्हातारबुवा घोडदळातले. घोड्यावर मात्र ते कधी बसले नाहीत. रेजिमेंटचं नाव जुनं, चालवायला रणगाडा. दर मे महिन्यात त्यांच्यातले निवृत्त सैनिक लंडनला संचलन करतात. अंगात सूट, छातीवर पदकं, डोक्यावर गोल काळी टोपी आणि हातात घट्ट गुंडाळलेली छत्री. कितीही पाऊस येवो, ती उघडायची नाही. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगायचे.

आमचे हे वारल्यापासून माझ्या चहाला सोबत त्यांचीच. मुलगा दूर रीडिंग शहरात. रविवारी त्याचा फोन येतो, तोही मला स्पीकरवर ठेवून, स्वतःची भांडी घासता घासता.

यंदा म्हातारबुवा संचलनाहून चिंब भिजून थेट माझ्याकडे आले. चहा घेतला आणि निघताना छत्री पॅसेजमध्येच विसरले. ओली छत्री मिटून ठेवली की कुबट वास येतो, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. मी तिचा बंद सोडला आणि उघडून बाथरूममध्ये वाळत घातली. सकाळी मोठ्या फुशारकीने नेऊन दिली.

"घ्या, खडखडीत वाळली."

त्यांनी सुटलेल्या बंदावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "ही माझ्या दोस्ताने गुंडाळली होती."

दारातच त्यांनी सांगितलं. लढाईत रणगाडा पेटला तेव्हा याच दोस्ताने त्यांना ओढून बाहेर काढलं होतं. त्यात त्याचे हात भाजले, बोटं कायमची आखडली. त्याच बोटांनी तो दर वर्षी संचलनाआधी दोघांच्या छत्र्या गुंडाळायचा. हिवाळ्यात तो गेला. यंदा त्याची गेल्या वर्षीची, शेवटची गुंडाळी हातात धरून म्हातारबुवा त्याच्याविना पावसात चालले होते.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "इट्स ऑल राइट, डिअर," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

तीन आठवडे ते चहाला आले नाहीत. मी सवयीने दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे. घर खायला उठायचं. स्वतःचा भयंकर राग यायचा, कारण निदान मला तरी हे कळायला हवं होतं.

शेवटी कपाटातून ह्यांचा मफलर काढला. हॉस्पिटलला निघताना ह्यांनी गळ्याशी गाठ मारली होती; नर्सने तो तसाच डोक्यावरून काढून माझ्या हातात दिला. चार वर्षं ती गाठ मी सोडलेली नाही. मफलर घेऊन मी शेजारची बेल वाजवली आणि ती गाठ त्यांच्यापुढे धरली.

"कोणी बांधली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याने."

गाठीला चुकूनही हात लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मला आत यायला वाट दिली.