डायल टोनची वाट न पाहता

माझ्या संगणकात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं, आणि याचा मला भलताच अभिमान होता. तेव्हा इंटरनेट घरच्या फोनच्या तारेतूनच यायचं, आणि संगणकाच्या पोटातला मोडेम विंडोजशिवाय हलायला तयार नव्हता. जाणकार म्हणाले, खरा हार्डवेअर मोडेम घे, बाहेरून जोडायचा. घेतला. काळा डबा, पुढे लाल दिव्यांची रांग. त्या डब्यानं माझे सलग चार रविवार खाल्ले.

रविवारच, कारण बाकीचे सहा दिवस मी शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात असायची. राहायला शहरातल्या तिरुवल्लिकेणीत, घरमालकीण मामींच्या माडीवर. मामी तंजावरकडच्या मराठी, घरात एकट्या, मी नागपूरची. त्यांची मराठी ऐकून पहिला महिनाभर मला हसू आवरायचं नाही, आणि माझी ऐकून त्यांना.

फोन खाली त्यांच्या हॉलमध्ये होता. त्याचीच एक तार वर न्यायला त्यांनी परवानगी दिली, पण आधी जिन्यातून विचारायचं, मगच लाइन घ्यायची. कारण त्यांनी लपवलं नाही. मुलीनं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा मामींनी तिला सुनावलं होतं की यापुढे फोनसुद्धा करू नको. तिनं तो केला नाही. ती बंगळूरला आहे, एवढंच त्यांना ठाऊक. नुकतीच टी. नगरात साड्यांच्या दुकानात तिची एक मैत्रीण भेटली आणि म्हणाली, तिला दिवस गेलेत, ती फोन करणार आहे. आनंदाच्या भरात मामींनी त्या मैत्रिणीचा पत्तासुद्धा विचारला नाही. तेव्हापासून त्या देवळातही धावत जायच्या आणि धावत परत यायच्या.

मला माझीच पडली होती. पहिला रविवार चुकीच्या केबलमध्ये गेला. दुसरा, मोडेम कुठल्या पोर्टवर बसलाय ते शोधण्यात. तिसऱ्या रविवारी तो बोलायला लागला, आणि बोलला काय, तर 'नो डायलटोन'. खालचा रिसीव्हर कानाला लावला तर टोन खणखणीत. मला ऐकू येतो, मामींना येतो, या बहिऱ्याला तेवढा येत नाही. तो डबा समुद्रात फेकून द्यावा असं वाटलं, आणि समुद्र चालत दहा मिनिटांवर होता.

चौथ्या रविवारी कारण सापडलं. आमच्या एक्स्चेंजचा टोन त्याच्या ओळखीचा नव्हता. त्याला सांगायचं होतं, टोनची वाट पाहू नको, सरळ नंबर फिरव. दोन अक्षरांची आज्ञा. ती घातली आणि दिवे पेटले, नंबर फिरला, आणि पलीकडची इंटरनेटची लाइन एंगेज. पुन्हा एंगेज. दर वेळी जिन्यातून ओरडून विचारायचं, मामी 'घे' म्हणायच्या, आणि एंगेज. शेवटी माझं डोकं फिरलं. दर मिनिटाला आपोआप फिरवत राहा, असं मी त्याला सांगून टाकलं आणि धुतलेले कपडे घेऊन गच्चीवर गेले. मामींना विचारलं नाही. रोज मोकळीच असते की लाइन, म्हटलं.

खाली आले तर मामी रिसीव्हर छातीशी धरून उभ्या.

"तिचाच होता गे," त्या म्हणाल्या. "'अम्मा' म्हणाली. मी कांहीं बोलेपर्यंत कानांत पीं पीं आवाज आला, आणि तिणें ठेविला."

मुलीचा राग अजून गेला नाही, असं त्यांना वाटत होतं. मला काय झालं ते तिथल्या तिथे कळलं. टोन ऐकायचाच नाही म्हटल्यावर लाइनवर कुणी बोलतंय हे त्या डब्याला कळणार कसं? तो बोलण्यावरच नंबर फिरवत सुटला होता. वर धावले, तार उपटली. आलेला नंबर दाखवणारा फोन तो नव्हता. उलट फोन करायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

पुन्हा खाली येऊन मी मामींना सगळं सांगितलं, काही न लपवता. "मामी, तिनं रागानं नाही ठेवला. माझ्या मशीननं बोलणं तोडलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रिसीव्हर जपून जागेवर ठेवला, नीट बसलाय की नाही ते हातानं चाचपलं.

"हें तिजला कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.