आता शेजारच्याशी भांडा

पहिल्या वर्षाच्या वर्गात लोपीस सर शिरले की आधी फळ्यावर भौतिकशास्त्राचा एक प्रश्न लिहीत आणि खाली तीन उत्तरं. मग म्हणत, "डोळे मिटा. बोटं वर." पायऱ्यापायऱ्यांचा तो मोठा हॉल आणि दीडएकशे पोरं डोळे मिटून एक, दोन किंवा तीन बोटं दाखवत बसलेली. शेजारच्याचं बघून ठोकून द्यायची सोयच नाही. कॉलेजात नवीन नोकरीला लागल्यावर मी हे दारातून पाहिलं, तेव्हा मला वाटलं प्रार्थना चाललीय. तेवढ्यात पुढचा हुकूम आला, "आता शेजारच्याशी भांडा," आणि हॉलचा मासळीबाजार झाला.

पूर्वी सर असे नव्हते म्हणे. त्यांचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्या वर्गातली मुलं येऊन मागे उभी राहत. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि गेलेला आवाज परत आलाच नाही. माईकवर त्यांची कुजबुज अंगणातून सुकी झावळी ओढल्यासारखी खरखरायची. मला त्यांच्या मदतीला दिलं होतं. एकदा नंदाखालला त्यांच्या केळीच्या वाडीत चहा पिताना मी विचारलं, "सर, वाईट नाही वाटत?"

"वाटतं गं. मला माझा आवाज फार आवडायचा," ते म्हणाले. "पण मी बोलायचो तेव्हा मला काय येतं ते कळायचं. पोरं बोलतात तेव्हा त्यांना काय येत नाही ते कळतं. यातलं शिकवणं कुठलं, सांग बरं?"

स्टाफरूमला हे पटत नव्हतं. घसा गेला म्हणून सर पोरांना खेळवत बसतात, असं उघड बोललं जाई. शेवटी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "एकदा वर्गात बसून बघतो. पटलं नाही तर हा वर्ग तुम्ही घ्या, त्यांना जर्नलं तपासू द्या." वर्ग काढून घेतला असता, तर तो माणूस खचला असता.

प्राचार्य शेवटच्या बाकावर येऊन बसले. सरांनी टेबलावर पाण्याने भरलेली काचेची टाकी ठेवली, त्यात स्टीलचं भांडं तरंगत सोडलं, भांड्यात दगड ठेवले. दगड उचलून पाण्यात टाकले, तर टाकीतलं पाणी चढेल, उतरेल की तेवढंच राहील? "डोळे मिटा. बोटं वर." प्राचार्य अवघडले, पण डोळे त्यांनीही मिटले.

भांडण सुरू झालं. प्राचार्यांच्या शेजारी पाचूबंदरची मनाली होती. "सर, दगड पान्यात टाकला तर पानी चढनारच ना!" "अगं, दगड आधीही टाकीतच होता. तेवढंच राहणार." दोघंही हट्टाला पेटली. सरांनी एकेक दगड टाकला आणि पाणी उतरलं. हॉलमध्ये एकच गिल्ला झाला.

"असं कसं?" प्राचार्य चक्क उभे राहून ओरडले.

सर माईकजवळ आले. "शेजारणीला विचारा."

तास संपल्याची घंटा झाली, तरी ती दोघं कागदावर भांडं काढून दगडाचं वजन कोण पेलतं यावर वाद घालत होती. वर्ग काढून घेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. निवृत्त होईपर्यंत सरांनी तो घेतला.

गेल्या वर्षी सर गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. मनालीसारखे जुने विद्यार्थी आले होते, पायऱ्यांवरही जागा नव्हती. प्राचार्यांच्या सांगण्यावरून सगळे उठले, डोळे मिटून स्तब्ध उभे राहिले आणि मग खाली बसले. कोणी खोकतही नव्हतं. त्या हॉलमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती आणि ती मला सहन होईना.

प्राचार्यांनी समोरचं भाषण उचललं, पाहिलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"आता शेजारच्याशी बोला," ते म्हणाले.

मागून कोणीतरी बोलायला लागलं, कोणीतरी रडता रडता हसलं आणि बघता बघता हॉल पूर्वीसारखा गजबजला. मी शेजारी वळले. ओळख ना पाळख, पण त्या बाईंनी आधीच माझा हात धरला होता.