घाट कोणासाठी बंद होता?

“घाट तर चालू होता की. बाईंना यायचंच नसेल,” केबिनमध्ये सर कोणाला तरी फोनवर सांगत होते.

बाई म्हणजे कोकणातल्या एका शाळेतल्या शिक्षिका. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांची कॉन्फरन्स आमच्या कंपनीने ठाण्यात भरवली होती. रजिस्ट्रेशन आणि रिफंड माझ्याकडे. नियम सोपा: सरकारी आदेशाने प्रवास बंद असेल तर फुल रिफंड, नाहीतर काहीच नाही. दरड कोसळली आणि बाई पोचल्याच नाहीत. रिफंड मिळाला तरच पुढच्या महिन्यात कोल्हापूरच्या ट्रेनिंगला जाता येईल, असं त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं. सोबत एसटीचं तिकीट आणि कलेक्टर ऑफिसचा आदेश: घाट अवजड वाहनांसाठी बंद.

सरांचा शेरा आला: रिजेक्ट.

मी इंग्लिश मीडियमची. ‘अवजड’वर अडले होते. शेजारी अकाउंट्सच्या मेधाताई बसतात. त्यांना हळूच विचारलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी अजून त्यांची आभारी आहे.

“अगं, हेवी. ट्रक, ट्रेलर, कंटेनर.”

“आणि एसटी?”

त्यांचा हात कीबोर्डवरच थांबला. “मग काय, एसटी हलकी असते होय?”

खोपटच्या एसटी डेपोच्या गाड्या दिवसभर आमच्या खिडकीखालून जातात. तरी ते कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“जा, सरांना सांग.”

“तुम्ही सांगा ना, ताई.”

“अडलं कोणाला होतं?”

मी आदेशाची प्रिंट सरांसमोर ठेवली आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

“अगं, ते ट्रकवाल्यांसाठी असतं.”

तोंडातून शब्द फुटेना. सरांचा फोन वाजला. त्यांनी तो कट केला आणि थांबले. इतकं कोणी माझ्यासाठी थांबत नाही.

“त्या एसटीने येणार होत्या,” एवढंच निघालं.

सरांनी आदेश पुन्हा वाचला. “च्यायला! मी आपला डोक्यात स्वतःची गाडी घेऊनच निघालो. कर, फुल रिफंड कर.”

बाई कोल्हापूरला जाऊन आल्या. आमच्या रजिस्ट्रेशन फॉर्मवर एक प्रश्न वाढला: कशाने येणार?

पुढच्या कॉन्फरन्सच्या मीटिंगमध्ये क्लायंट मॅडमनी तो वाचून भुवया उंचावल्या. “हे कशाला हवंय? कोणाची आयडिया?”

माझ्याकडे बघून सर पुन्हा थांबले.

“माझी,” मी म्हणाले. “घाट सगळ्यांसाठी सारखा बंद नसतो, मॅडम.”